खानविलकर सरांची खात्री

खानविलकर सरांना पहिल्यांदा भेटले तेव्हा माझी पक्की खात्री झालेली, की हा माणूस भामटा आहे.

मुलाखत होती नौपाड्यातल्या एका उडप्याकडे. ऑफिस अजून व्हायचंय असं त्यांनी मेलमध्ये कळवलेलं, तिथेच मी सावध झालेले. सर कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलेले. मी जाऊन नाव सांगितलं. म्हटलं, मी पल्लवी साळवी.

"कशावरून?" सर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तूच पल्लवी साळवी आहेस, हे कशावरून?"

मी आधार कार्ड काढून दिलं. ते त्यांनी उजेडात धरून उलटसुलट बघितलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. मग कामाचं विचारायला लागले. ते मात्र इतकं नेमकं विचारलं, की आधीच्या मोठ्या कंपनीतही मला कुणी असं पिळून काढलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, कंपनी बनवणार काय आहे? तर म्हणे, ते आत्ता सांगता येणार नाही. बरं, माझं काम काय? ते टप्प्याटप्प्यानं कळेल. बाकीची टीम? "आहे," एवढंच म्हणाले आणि बिल देऊन निघून गेले.

शेजारच्या टेबलावर एक मुलगा मघापासून एकच मेदूवडा चिवडत बसलेला. मला काय ठाऊक. मी तिथेच आईला फोन लावला आणि म्हटलं, "आई, इथे काहीतरी पाणी मुरतंय गं. माणूस सरळ वाटत नाही. काय करणार ते सांगत नाही, ऑफिस नाही, मला वाटतं लोकांना गंडवायचा धंदा असणार." तो मेदूवडेवाला म्हणजे रोहन, डोंबिवलीचा, आमचा दुसरा डेव्हलपर. सरांनी त्याला खास मी नंतर काय बोलते ते ऐकायला बसवलेलं, आणि त्याने माझा शब्दन्‌शब्द त्यांना पोचवला. दुसऱ्या दिवशी सरांचाच फोन. म्हणाले, "तू संशय घेतलास. मला अशीच माणसं पाहिजेत. कधीपासून येतेस?"

खरं तर तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण मोठ्या कंपनीत मी कुणाच्या तरी कुठल्या तरी सॉफ्टवेअरचा एक कोपरा वर्षानुवर्षं पुसत बसलेले. आपण काहीतरी पायापासून उभं केलंय, असं एकदा तरी म्हणायचं होतं. आणि त्या माणसाबद्दल उत्सुकता होती, ते कशाला लपवू.

ऑफिस माजिवड्याला झालं, टायरच्या दुकानावर. जागा भोईर काकांची. भोईर म्हणजे तिथले मूळचे, एके काळी आजूबाजूला त्यांची शेती होती, आता त्याच जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि त्यांतल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सचे काका अध्यक्ष. सरांनी त्यांना भाडेकरार करताना काय करायला लावलं असेल देव जाणे, पण काका आम्हाला जिन्यात भेटले की म्हणायचे, "तुमचे सायबानं माझीच जागा माझी हाय का ते मना तीनदा विचारलं."

सर राहायचे कल्याणला. पंचेचाळिशीच्या आसपासचे, सडपातळ, दोन्ही खिशांना बटणं असलेले शर्ट घालणारे. त्या बटणांशिवाय त्यांना खिसा म्हणजे उघडं दार वाटायचं. आधी एका बँकेत होते, फसवणुकीची प्रकरणं शोधणाऱ्या खात्यात. कुणी कुणाला कसा चुना लावला हेच दिवसभर बघायचं काम. तसल्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माणूस सरळ कसा बघणार? लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी बायकोची टिकली चिकटवलेली. मीटिंग असली की टिकली निघायची, मीटिंग संपली की परत लागायची, आणि एकदा ती चुकून त्यांच्याच कपाळाला चिकटली आणि ते तसेच भोईर काकांकडे जाऊन आले. पाणी स्वतःच्या बाटलीतलं. चहा बाहेरचा कधीच नाही, कुणाच्या घरचाही नाही. "कशावरून?" हा शब्द तर तोंडात कायमचा. सर, लाइट गेले. कशावरून? सर, रोहनला ताप आहे. कशावरून? एकदा मी वैतागून म्हटलं, सर, मी जेवायला जाते, आणि मला भूक लागल्ये याचा माझ्याकडे काहीही पुरावा नाही. ते हसले. हसताना एकदम लहान मुलासारखे दिसायचे, आणि लगेच सावध व्हायचे, जणू कुणी हसू चोरून नेईल.

तर, काम. मला सांगण्यात आलं, की आपण पाळणाघरांसाठी अ‍ॅप बनवतोय. मुलाला काही झालं, तर सगळ्या पालकांच्या फोनवर एकदम सूचना गेली पाहिजे, आणि प्रत्येक पालक ती बघेपर्यंत फोन वाजत राहिला पाहिजे. मी जीव ओतून ते लिहिलं. भाचीचं पाळणाघर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. समोर बसून रोहन काय करतोय ते विचारायची बंदी होती. एकमेकांच्या स्क्रीनकडे बघायचं नाही असा नियमच. मला वाटायचं, हा काहीतरी हिशेबाचं करत असेल.

एक दिवस खाली वडापाव खाताना रोहनच म्हणाला, "तुला काय वाटतं, सोसायटीवाले घेतील का आपलं पार्किंगचं अ‍ॅप?"

"कसलं पार्किंग?"

"अगं, कुणाची गाडी कुणी राखायची, चावी कुणाकडे द्यायची ते."

"आपण पाळणाघराचं करतोय ना?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वडापाव हातातच. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एवढे महिने हा माणूस आपल्याला खेळवतोय. मला परत माझं पहिलं मत आठवलं, की हा भामटा आहे, आणि आता रोहनही माझ्या बाजूने झाला. त्याला तर वाटायला लागलं, की आपण नकळत कसल्या तरी गुन्ह्याचं सॉफ्टवेअर लिहितोय आणि उद्या पोलीस आधी आपल्यालाच उचलतील. आम्ही तसेच वर गेलो. मी म्हटलं, "सर, खरं काय ते आत्ता सांगा, नाहीतर मी बॅग उचलते."

सरांनी आधी खिडकी लावली. मग बसले. कॅमेऱ्यावरची टिकली नीट चिकटलेली आहे ना ते बघितलं. मग म्हणाले, "उद्या डोंबिवलीला या. पत्ता आत्ता देत नाही. स्टेशनवर घ्यायला येतो."

डोंबिवलीला त्यांची आई राहायची, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. वॉकर घेऊन दार उघडायला आली. गोरीपान, खणखणीत आवाजाची, आणि लेकाच्या अगदी उलट. ओळख व्हायच्या आत आम्हाला पोहे खाऊ घातले आणि घरातलं सगळं सांगून टाकलं. सर स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले आणि तिथेच थांबले. बाहेर यायला तयार नव्हते. म्हणून आईंनीच सांगितलं.

"समोर लेले काकू राहतात. आमची एक चावी पूर्वीपासून त्यांच्याकडे असायची, त्यांची आमच्याकडे. इथे सगळ्यांचं असंच. एक दिवस हा आला, तर माझ्या कपाटाचं दार किलकिलं दिसलं याला. झालं. मला काही बोलला नाही. डुप्लिकेट बनवायचीय असं सांगून काकूंकडून चावी घेतली आणि परत दिलीच नाही. पुढच्याच आठवड्यात मी न्हाणीघरात पडले."

आत नळ चालू झाल्याचा आवाज आला, आणि चालूच राहिला.

"मी हाका मारत्ये, काकू दाराबाहेरून बोलतायत. दार काही उघडेना. याला फोन लावला, तर याच्या बँकेत तेव्हा फोन बाहेर ठेवून आत जायचं असे. शेवटी दार तोडलं लोकांनी. खुब्याचं हाड गेलं ते गेलंच. आणि कपाट म्हणशील, तर ते मीच उघडं टाकलेलं. डांबराच्या गोळ्या शोधत होते."

"मग लेले काकू?" मी विचारलं.

"त्या एक अक्षर बोलल्या नाहीत याला. अजून वाटीभर काही केलं की आणून देतात. याला काही मान वर करता येत नाही त्यांच्यासमोर."

येताना रिक्षात सरांनी सांगितलं, की अ‍ॅपचं नाव 'शेजार' आहे. मोठमोठ्या टॉवरमध्ये म्हातारी माणसं एकेकटी राहतात, मुलं लांब. त्यांनी आपली चावी कुणा शेजाऱ्याला विश्वासाने द्यायची, आणि ती कधी, कुणी, कशासाठी वापरली ते मशीन लक्षात ठेवणार. अडचण आली की एक बटण दाबायचं. ज्याच्याकडे चावी आहे त्याच्या फोनवर आणि गेटवर सूचना जाणार, बस. माझ्या सूचना आणि रोहनच्या चाव्या हे त्याचेच दोन तुकडे, अख्खी कल्पना कुणा एकाला कळू नये म्हणून आम्हाला वेगवेगळं सांगितलेलं. "माणसाला माणसावर विश्वास ठेवता येत नसेल," ते म्हणाले, "तर निदान मशीननं तरी खात्री द्यावी. आईसारखं कुणी दाराआड पडून राहू नये. मला बाकी काही नको यातून." इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. त्या दिवसापासून मी 'शेजार' माझं मानलं.

आणि खरं सांगायचं, तर संशयी माणूस अशा कामाला फार चांगला. चावी घेणाऱ्याने फोनच दुसऱ्याला दिला तर? बटण नातवाने खेळताना दाबलं तर? शेजाऱ्यांचंच भांडण झालं तर? जगातला प्रत्येक वाईट प्रसंग त्यांना आधीच दिसायचा, आणि आम्ही त्याच्यासाठी कोड लिहायचो. 'शेजार' चांगलं झालं. फक्त खऱ्या माणसांना ते वापरून बघू द्यायला सर तयार नव्हते. आधी दाखवलं तर कुणीतरी कल्पना उचलेल, अशी त्यांना भीती. मी किती वेळा म्हटलं, सर, दहा घरांत लावून बघू. ते म्हणायचे, त्या दहातला एक कुणाचा भाऊ निघाला तर?

शिवाय आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलेली. चालू अ‍ॅपमध्ये काडीचाही बदल करायचा झाला, तर त्यांच्या मोबाईलवर एक ओटीपी यायचा. तो टाकल्याशिवाय सर्व्हरचं दार उघडायचं नाही. आम्हा दोघांपैकी कुणालाही तो अधिकार नव्हता. आणि ओटीपी कुणी मागितला तर काय करायचं, याचा सराव तर ते आमच्याकडून करून घ्यायचे. एकदा वहिनींना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, रोहनला फोन करायला लावला, बँकेतून बोलतेय म्हणून. बिचाऱ्याने आकडा सांगून टाकला. दुपारभर त्याला व्याख्यान. "घाई करणारा माणूस फोनवर आला, की समजायचं चोर आहे. अनोळखी नंबर, घाई आणि आकडा. तिन्ही एकत्र आले, की फोन ठेवायचा. मी स्वतः असलो तरी ठेवायचा."

लॉन्च भोईर काकांच्याच कॉम्प्लेक्समध्ये ठरला. ते घेतील तर बाकीच्या सोसायट्या घेतील, ते नाही म्हणाले तर संपलंच, हे आम्हा तिघांनाही स्पष्ट होतं. रविवार सकाळ, क्लब हाउसचा हॉल, खुर्च्या, समोसे, म्हातारी मंडळी नटूनथटून आलेली. सर पहाटेच डोंबिवलीला गेलेले. पहिलं बटण आईच्या हातून दाबायचं, असं त्यांच्या मनात होतं. आईंना गाडीत घालून ते निघाले आणि शीळफाट्याला अडकले. इकडे काका अस्वस्थ. लोकांनी फोनवर अ‍ॅप घेतलं, नावनोंदणी केली, सर येईपर्यंत थांबा म्हणून मी सांगत होते. तेवढ्यात काकांच्या आत्याबाईंनी, बघू तरी काय होतं म्हणून, बटण दाबलं.

हॉलमधला प्रत्येक फोन वाजायला लागला. प्रत्येक. थांबेना. कुणी स्क्रीन बघितली की त्याचा थांबायचा, पण बाकीच्यांचे चालू, आणि घाबरून लोकांनी परत परत बटण दाबलं, तर सगळे पुन्हा सुरू. आत्याबाई तर आपल्याच फोनमध्ये भूत शिरलं म्हणून फोन टेबलाखाली ठेवून बसल्या. माझ्या लगेच लक्षात आलं. ज्यांनी अजून शेजारी निवडला नव्हता, त्यांची सूचना कुठे जायची? सगळ्यांना. ती जुनी ओळ माझीच होती, पाळणाघरातल्या पालकांसाठी लिहिलेली. पार्किंगवाल्या रोहनला ती तिथे आहे हे माहीत नव्हतं, आणि ती लिहिताना मला माहीत नव्हतं की ती इथे येणार आहे.

रोहनने लॅपटॉपवर दुरुस्ती केलीसुद्धा. फक्त ओटीपी हवा होता. माझा आणि रोहनचा फोन इतके वाजत होते की त्यांवरून कॉलच लागेना. काकांनी आपला जुना बटणांचा फोन पुढे केला. "बाय, यो घे. पण आधी ता आवाज बंद कर."

मी सरांना लावला. "सर, पल्लवी बोलतेय. घाई आहे. तुमच्या फोनवर आत्ता एक आकडा येईल, तो लगेच सांगा."

मग सर म्हणाले, "आवाज छान बनवलाय."

"सर, मी खरंच पल्लवी आहे."

"कशावरून?"

"सर, इथे सगळ्यांचे फोन वाजतायत—"

"पल्लवी ऑफिसात कुठे बसते?"

"खिडकीशी. तुम्ही खिडकी सारखी लावता."

"हे कुणीही खालून बघून सांगेल."

"सर, टिकली. तुमच्या कपाळाला टिकली चिकटलेली आणि तुम्ही भोईर काकांकडे तसेच गेलेलात."

सर थांबले. मला वाटलं, झालं. मागून आईंचा आवाजही मी स्वच्छ ऐकला, "अरे, पल्लवीच आहे ती, दे तिला काय हवं ते." मग सर अगदी हळू म्हणाले, "म्हणजे आतलं कुणीतरी फुटलंय." आणि फोन कट झाला. परत लावला, तर नंबर ब्लॉक.

त्यांनी पुढे काय केलं, ते आम्हाला हॉलमध्येच दिसलं. हल्ला झालाय असं समजून त्यांनी आपल्या फोनवरून सगळ्या 'शेजार'ला कुलूप लावलं. एकदम सगळे फोन गप्प झाले. आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर एकच ओळ: सुरक्षेच्या कारणास्तव सेवा बंद करण्यात आली आहे. लोकांनी ती वाचली. एक आजोबा मला म्हणाले, "म्हणजे आमची माहिती गेली का चोरांकडे?" नाही म्हटलं, काही गेलं नाही. ते म्हणाले, "कशावरून?" मला रडू फुटायच्या बेतात होतं.

सर आले तेव्हा क्लब हाउसची माणसं खुर्च्या आवरत होती. आईंना धरून ते दारातून आत आले, हॉलकडे बघितलं, मग काकांच्या हातातल्या फोनकडे, मग माझ्याकडे.

"तूच होतीस?"

"मीच होते, सर."

त्यांनी आईंकडे बघितलं. एवढा राग आलेला मला, पण त्यांचा तो चेहरा बघून तो कुठे गेला कळलं नाही. सर तिथल्याच एका खुर्चीवर बसले आणि खिशाचं बटण उघडत आणि लावत राहिले.

भोईर काका माणूस मोठा. आठवड्याने स्वतः जिना चढून आमच्याकडे आले. म्हणाले, वस्तू चांगली आहे, आत्याला पाहिजेच आहे. "पन सायेब, चावी एकट्याकडं नको. तुमी लोकांना सांगतंव शेजाऱ्याकडं चावी देवा, नि सोताची कुनाला देत नाय. या पोरीकडं पन द्या, मग या. मी लावतूं परत." सर हो म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

त्याच दिवशी त्यांनी मला तो अधिकार दिला. दुसऱ्या दिवशी काढून घेतला. परत दिला. मग मी काय काय करते त्याची नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम रोहनला लिहायला सांगितला, आणि मग रोहनवर नजर ठेवायला मला. आम्ही दोघं त्या काळात एकमेकांशी नीट बोलेनासे झालो. हा रोग लागतोच. मीसुद्धा घरी कुणी बेल वाजवली की आधी दाराच्या भोकातून बघून, कोण, कोण, असं तीनदा विचारायला लागलेले. आई म्हणाली, तुझं डोकं फिरलंय, सोड ती नोकरी. मी सोडायचं जवळजवळ ठरवलेलं. काका वाट बघत होते, पण किती बघणार. दुसऱ्या एका कंपनीची माणसं त्यांच्याकडे येऊन गेल्याचं आमच्या कानावर आलेलं.

मग एका रविवारी संध्याकाळी सर आमच्या घरी आले. वर्तकनगरला, न कळवता. त्यांना माझा पत्ता माहीत असणारच, पण ते कुणाच्या घरी गेल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. आईने न विचारता चहा पुढे ठेवला. मी म्हणणार होते, अगं ते घेत नाहीत. सरांनी कप उचलला आणि प्यायले. अर्धा एका दमात.

"पल्लवी, मी प्रयत्न केला," ते म्हणाले. "रोज सकाळी ठरवतो, आज तिला द्यायचं आणि विषय संपवायचा. आंघोळ करून येईपर्यंत तुझ्यावर संशय येतो. तू काय करणारेस? काही करणार नाहीस. हे मला कळतं. कळतं आणि तरी येतो. काकूंच्या वेळेलाही कळत होतं."

मी म्हटलं, "सर, हळूहळू जमेल."

"तोवर हे मरेल. दुसरं कुणीतरी अर्धवट काहीतरी नेऊन बसवेल तिथे." त्यांनी कप खाली ठेवला. "मी बाजूला होतो. सगळं तुझ्या आणि रोहनच्या नावावर करतो. मी त्यात असलो, की मी परत हात घालणार. मी नकोच."

"तुमचंच आहे ना ते सगळं," मी म्हटलं. "तुमच्या आईसाठी केलंत."

"म्हणूनच. आईकडेही लावा. चावी कुणाकडे ठेवायची ते तिला विचारा. मला विचारू नका." ते उठले. आईला म्हणाले, चहा चांगला होता. आणि दारात चपला घालताना नेहमीच्या आवाजात मला म्हणाले, "खाली गेलो की मेल पाठवतो. त्यात सगळे अधिकार आहेत. मेल आला की उघडू नकोस. आधी मला फोन कर. मीच पाठवलाय का ते विचार."

मी गॅलरीत येऊन उभी राहिले. सर जिन्यातून बाहेर पडले, गेटपाशी थांबले, फोनमध्ये डोकं घालून बराच वेळ काहीतरी करत राहिले. दोनदा त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दोनदा बाहेर काढला. मला वाटलं, नाही होणार यांच्याने. मग माझ्या फोनवर मेल आला.

मी त्यांना फोन लावला. खाली त्यांचा फोन वाजलेला मला वरून ऐकू येत होता. त्यांनी स्क्रीन बघितली. माझं नाव दिसत असणारच. पण उचलला नाही. ते वळले आणि मान वर करून एकेक मजला बघत आले, पहिला, दुसरा, आणि तिसऱ्यावर, गॅलरीत, कानाला फोन लावून उभी असलेली मी त्यांना दिसले. तरी बघत राहिले. मी दुसरा हात वर केला.

मग त्यांनी फोन उचलला.